नगर जिल्ह्याचा नकाशा केवढ्या कागदावर मावेल?

एका साध्या गणिताने सुरुवात करू. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ साली नाव बदलण्यापूर्वीचा अहमदनगर आणि बोलण्यातला आपला नगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर भरते. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, पूर्वेला पाथर्डी-जामखेडचे डोंगर, उत्तरेला गोदाकाठचे कोपरगाव आणि दक्षिणेला भीमेच्या अंगाला कर्जत-श्रीगोंदे असा हा पसारा आहे. दोन्ही दिशांना तो साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर होतो.

आता समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्हाला या जिल्ह्याचा नकाशा १:१,००,००० या प्रमाणावर हवा आहे. या प्रमाणात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर बरोबर एक सेंटिमीटर होतो, म्हणून एक चौरस किलोमीटर हा एक चौरस सेंटिमीटर झाला. म्हणजे नुसता जिल्हाच १७,०४८ चौरस सेंटिमीटर, सुमारे १.७ चौरस मीटर जागा व्यापणार. कागदाच्या 'ए' मालिकेतला ए-झिरो हा मोठा कागद ८४१ मिलिमीटर रुंद आणि १,१८९ मिलिमीटर लांब असतो. या दोन संख्यांचा गुणाकार करून पाहा, तो जवळजवळ एक चौरस मीटर येईल. तेव्हा आपला जिल्हा वितळवून चौकोनी साच्यात ओतला तरी त्या कागदावर मावणार नाही. प्रत्यक्षात त्याचा आकार वेडावाकडा आहे, म्हणून दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढी जागा धरावी लागेल. १:५०,००० हे प्रमाण घेतले, तर क्षेत्रफळ चौपट होऊन सुमारे ६.८ चौरस मीटर होईल आणि वर्गाची भिंतच लागेल.

एवढा कागद टेबलावरच्या छपाई यंत्रात जात नाही. त्यासाठी गुंडाळीवर, म्हणजे रोलवर, छापणारे मोठ्या आकाराचे यंत्र लागते. साधारणपणे २४ इंच आणि त्याहून रुंद रोल घेणाऱ्या यंत्रांना 'लार्ज फॉरमॅट' म्हणतात. नकाशे आणि आराखडे काढणारी यंत्रे २४, ३६ किंवा ४४ इंचांची असतात. फ्लेक्सची यंत्रे दहा फुटांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. अशा दुकानात गेलात, की शब्दांचा पाऊस पडतो : प्लॉटर, व्हेक्टर, डीपीआय, पास, सॉल्व्हंट, रिप, 'फिट टू पेज'. बहुतेक गिऱ्हाइके मान डोलावतात आणि पैसे देऊन बाहेर पडतात. पण यांतला एक शब्द असा आहे, की तो न कळल्यास नकाशावरची सहा गुंठे जमीन नाहीशी होऊ शकते. त्या शब्दापर्यंत आपण पोहोचूच, पण आधी यंत्र काय करते ते पाहू.

रेघा ओढणारा आणि ठिपके टाकणारा

'प्लॉटर' हा शब्द आज दुकानात कोणत्याही रुंद यंत्राला लावतात. मूळचा प्लॉटर मात्र छापत नसे. तो हातात पेन धरून रेघा ओढत असे. अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने १९५९ साली '५६५' नावाचा प्लॉटर बाजारात आणला. त्यात कागद एका पिंपावर गुंडाळलेला असे. पिंप फिरले की कागद पुढेमागे सरके आणि पेन पिंपाच्या लांबीवर डावीउजवीकडे सरके. भूमितीत तुम्ही क्ष-अक्ष आणि य-अक्ष काढता, तेच दोन अक्ष इथे दोन मोटरी झाले. या मोटरी सलग फिरत नसत, ठरावीक पावले टाकत. अशा मोटरीला स्टेपर मोटर म्हणतात. तिचे एक पाऊल म्हणजे कागदावर इंचाचा शंभरावा भाग, साधारण पाव मिलिमीटर. सेकंदाला तीनशे पावले ती टाकू शकत असे. दोन्ही मोटरी एकदम चालवल्या तर पेन तिरके जाई. मात्र प्रत्येक पावलाला त्याला आठच दिशा उपलब्ध होत्या, म्हणून किंचित तिरपी रेघ भिंगातून पाहिली तर जिन्यासारखी दिसे.

पुढे हजारो यंत्रांनी जी भाषा स्वीकारली ती ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची, एचपी-जीएल नावाची. ती शिकायला पाच मिनिटे पुरतात. 'पीयू' म्हणजे पेन अप, पेन उचला. 'पीडी' म्हणजे पेन डाउन, पेन टेकवा. पुढे दोन संख्या म्हणजे जाण्याचे ठिकाण. एक एकक म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, अर्थात ४० एककांचा एक मिलिमीटर. मग 'पीयू ०,०; पीडी ४०००,०; पीडी ४०००,४०००; पीडी ०,४०००; पीडी ०,०' या आज्ञांनी काय होईल, ते आलेख कागदावर स्वतः काढून पाहा. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस तयार होतो. एवढा मोठा चौरस सांगायला पाच जोड्या संख्या पुरल्या. चित्र सांगण्याच्या या पद्धतीला 'व्हेक्टर' म्हणतात. भौतिकीतला सदिश तुम्हाला ठाऊक आहेच. इथेही अर्थ तोच आहे : इथून तिथे, अमुक दिशेने, अमुक लांबीचे.

दुसरी पद्धत 'रास्टर'. तिच्यात रेघ ही वस्तूच नसते. कागदाचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला शाई द्यायची की नाही, एवढेच सांगायचे. विणकर कापडावर नक्षी उठवतो किंवा आई भरतकामाच्या जाळीवर टाके मोजते, तशी ही पद्धत आहे. हिच्यात छायाचित्रही येते. पेनाने छायाचित्र काढायचे म्हटले तर जन्म जायचा.

मग सुरुवातीलाच ठिपक्यांची यंत्रे का आली नाहीत? उत्तर गणितात आहे. ए-झिरो कागदावर इंचाला ३०० ठिपके धरा. रुंदीत ९,९३३ आणि लांबीत १४,०४३ ठिपके येतात. गुणाकार जवळजवळ चौदा कोटी होतो. प्रत्येक ठिपक्याला 'हो' किंवा 'नाही' एवढे एकच बिट लागले, तरी सुमारे पावणेदोन कोटी बाइट झाले, आणि हे फक्त काळ्या रंगासाठी. १९८० च्या आसपास घरगुती संगणकांची स्मृती काही हजार बाइटांत मोजली जात होती. एवढे ठिपके ठेवायचे कुठे? पेनाच्या प्लॉटरला मात्र एका वेळी एकच रेघ सांगितली की काम भागत असे. तेव्हा पेनाचा प्लॉटर ज्या काळात राज्य करत होता, तो काळ महागड्या स्मृतीचा होता. स्मृती स्वस्त होताच त्याचे दिवस भरले. १९९१ साली ह्यूलेट-पॅकार्डने 'डिझाइनजेट' हे शाईचे थेंब उडवणारे रुंद यंत्र आणले आणि पुढच्या काही वर्षांत पेने नाहीशी झाली. नाव तेवढे उरले.

आज तुम्ही रेघांचा नकाशा दिला, तरी यंत्र शेवटी ठिपकेच टाकते. रेघांचे ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला 'रिप' म्हणतात. तरीही मूळ फाइल व्हेक्टर ठेवण्यात मोठा फायदा आहे. रेघेची व्याख्या संख्यांत असल्यामुळे तुम्ही नकाशा दसपट मोठा केला, तरी रिप नव्याने हिशेब करून तितकीच स्वच्छ रेघ देते. ठिपक्यांचे चित्र दसपट केले, तर ठिपकेच दसपट मोठे होतात. त्यालाच दुकानदार 'फोटो फाटला' म्हणतात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, कारण कापडाची वीण उसवल्यासारखेच ते दिसते.

रेघ ओढणारा मूळ प्लॉटर मात्र अगदीच मेलेला नाही. मोटारसायकलींवर नावे आणि चित्रे चिकटवणाऱ्या 'रेडियम आर्ट'च्या दुकानात डोकावून पाहा. तिथले यंत्र पेनाऐवजी पाते धरते आणि चिकट विनाइलवर अक्षरांची कड कापत जाते. हा 'कटिंग प्लॉटर', जुन्या प्लॉटरचा थेट वारस. जाता जाता सांगायला हवे, की त्या चमकत्या पट्टीत रेडियम हे मूलद्रव्य नावालाही नसते. गाडीच्या दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारे बारीक काचमणी किंवा लोलक तिच्यात असतात. खरे रेडियम किरणोत्सारी असते. ते कोणी गाडीवर चिकटवू नये!

थेंब उडतो कसा?

शाईचे थेंब उडवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागले आणि सुईतून शाई उडाली. त्यातून कल्पना सुचली. शाईच्या बारीक नळीत एक सूक्ष्म तापक ठेवायचा, तो काही मायक्रोसेकंद तापवायचा, वाफेचा बुडबुडा क्षणात फुगतो आणि थेंबाला बाहेर ढकलतो. आराखड्यांच्या पुष्कळ यंत्रांत ही रीत वापरतात.

दुसरी रीत दाबविद्युताची. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलटही घडते. अशा पदार्थाला विद्युतदाब दिला की तो किंचित आकार बदलतो. शाईच्या कोठडीची एक भिंत अशा पदार्थाची केली, तर विजेच्या प्रत्येक ठोक्याला ती आत दबते आणि थेंब बाहेर पडतो. दुकानदार 'पिझो हेड' म्हणतो ते हेच. यात शाई उकळावी लागत नाही, म्हणून निरनिराळ्या प्रकारच्या शाया चालतात. फ्लेक्सच्या यंत्रांत हीच रीत असते.

थेंबाचा आकार 'पिकोलिटर'मध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. दहा पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास किती असेल? गोलाच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला येते. करून पाहा, सुमारे २७ मायक्रोमीटर उत्तर येईल, केसाच्या जाडीहून बरेच कमी. एक लिटर शाईत असे दहा हजार कोटी थेंब निघतात.

रंगांसाठी चार शाया असतात : सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, पिवळी आणि काळी. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'सीएमवायके' म्हणतात. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, शाई मात्र पांढऱ्या प्रकाशातून रंग वजा करते. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. बेरीज आणि वजाबाकी यांच्या कक्षा जुळत नाहीत, म्हणून पडद्यावर झगमगणारा पोपटी किंवा गर्द निळा छापल्यावर मंद दिसतो. यात दुकानदाराचा दोष नसतो.

आता 'पास'. शाईच्या हेडवर छिद्रांची रांग असते. समजा इंचात १८० छिद्रे आहेत आणि तुम्हाला इंचाला ७२० ठिपके हवेत. मग हेडला त्याच जागेवरून चार वेळा जावे लागेल, प्रत्येक वेळी कागद थोडासा पुढे सरकवून मधल्या फटी भरत. हे चार पास झाले. घाईचे काम असेल तर दुकानदार दोन पास करतो. दर कमी पडतो आणि छपाई दुप्पट वेगाने होते, पण फटी अर्ध्याच भरतात. एखादे छिद्र तुंबले किंवा कागद केसभर कमीजास्त सरकला, की आडवे पट्टे दिसू लागतात. त्याला 'बँडिंग' म्हणतात. बँडिंग दिसले तर आधी 'नोझल चेक' छापून मागावा. त्या छोट्या नमुन्यात प्रत्येक छिद्राची एक रेघ असते आणि जी रेघ गायब, ते छिद्र बंद.

किती डीपीआय हवेत? डोळ्याला विचारा

डीपीआय म्हणजे इंचाला ठिपके. याविषयी इतका गोंधळ आहे, की जरा थांबून बोलायला हवे.

पहिला गोंधळ असा, की दोन निरनिराळ्या गोष्टींना लोक डीपीआय म्हणतात. एक यंत्राचे थेंब आणि दुसरे तुमच्या चित्राचे चौकोन, म्हणजे पिक्सेल. पिक्सेलाला हजारो छटा असू शकतात. थेंबाला मात्र फार तर दोनचार मापे असतात. फिकट निळा रंग दाखवायचा, तर यंत्र एका जागेतल्या चौसष्ट ठिकाणांपैकी दहा ठिकाणीच थेंब टाकते, बाकी कागद पांढरा ठेवते आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. आठ गुणिले आठ अशा चौसष्ट जागांतून एक पिक्सेल उभा राहिला, तर ७२० डीपीआयच्या यंत्रातून इंचाला ९० पिक्सेलच बाहेर पडले. आजच्या प्रणाली थेंब विखरून टाकतात, म्हणून निकाल याहून चांगला येतो, पण मुद्दा तोच राहतो. यंत्रावर १४४० लिहिले आहे म्हणून चित्रही १४४० चे करून नेण्यात काही अर्थ नाही. फाइल तेवढी जड होते.

दुसरा प्रश्न असा, की इंचाला पिक्सेल किती असावेत? पुष्कळ पुस्तकांत '३००' असे ठोकून दिलेले असते. ते पुस्तकापुरते खरे आहे. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखू शकतो. एक कला म्हणजे रेडियनचा ३,४३८ वा भाग. म्हणून एक मीटर अंतरावर डोळ्याला वेगळे दिसणारे कमीत कमी अंतर १,००० भागिले ३,४३८, म्हणजे ०.२९ मिलिमीटर. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, त्यात अशी ८७ अंतरे बसतात. यावरून एक सोपा नियम मिळतो. ८७ ला पाहण्याच्या अंतराने (मीटरमध्ये) भागा. जे उत्तर येईल तेवढे पिक्सेल इंचाला पुरेत. त्याहून जास्त दिले तरी डोळ्याला कळणार नाहीत.

पुस्तक आपण पाव मीटरवरून वाचतो : ८७ भागिले ०.२५ म्हणजे ३४८. तीनशेचा आकडा इथून येतो. प्रदर्शनातला नकाशा अर्ध्या ते एक मीटरवरून पाहतात, त्याला १७४ ते ८७ पुरतात. माळीवाडा बसस्थानकाजवळ रस्त्याच्या पलीकडून, समजा दहा मीटरवरून, दिसणाऱ्या फलकाला इंचाला नऊ पिक्सेलही चालतील!

हा नियम आपल्या नेहमीच्या तक्रारीला लावून पाहू. मोबाइलने काढलेले छायाचित्र ४,००० पिक्सेल रुंद आहे. ते दहा फूट, म्हणजे १२० इंच रुंदीच्या फ्लेक्सवर पसरले, तर इंचाला ३३ पिक्सेल पडतात आणि सुमारे २.६ मीटरच्या पुढून ते स्वच्छ दिसते. तेच छायाचित्र मोबाइलवरून पाठवताना आकुंचन पावून १,६०० पिक्सेलांचे झाले, तर इंचाला १३ उरले. आता साडेसहा मीटरच्या आत येणाऱ्याला फोटो फाटलेला दिसणार. गंमत म्हणजे खालची नावे मात्र जवळूनही धारदार असतात, कारण अक्षरे व्हेक्टर असतात. वाढदिवसाच्या फलकावर अक्षरे स्वच्छ आणि चेहरे धूसर का, हे आता तुम्हाला सांगता येईल.

नियम खरा आहे का, हे वर्गात पडताळता येते. पांढऱ्या कागदावर एकमेकींपासून एक मिलिमीटर अंतर सोडून दोन बारीक काळ्या रेघा काढा. कागद भिंतीला लावा आणि मागे मागे सरका. दोन रेघा एक दिसू लागतील तिथे थांबून अंतर मोजा. हिशेबाने ते सुमारे ३.४ मीटर यायला हवे. वर्गातल्या सर्वांची अंतरे फळ्यावर लिहा. ज्याचे अंतर इतरांपेक्षा फारच कमी येईल, त्याला शिक्षकांनी डोळे तपासून घ्यायला जरूर सुचवावे.

सहा गुंठे कुठे गेले?

आता त्या शब्दाकडे वळू. 'फिट टू पेज', म्हणजे कागदात बसवणे. प्रसंग असा समजा. एका शेताचा आराखडा १:५०० प्रमाणावर आहे. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. शेत शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद, म्हणजे बरोबर एक हेक्टर किंवा शंभर आर. कागदावर त्याची बाजू २० सेंटिमीटर हवी. आजूबाजूच्या गटांसह सगळा आराखडा ६२ सेंटिमीटर रुंद आहे आणि दुकानातला रोल २४ इंचांचा, म्हणजे ६१ सेंटिमीटरचा. कडा सोडून ६० सेंटिमीटरवर छपाई होते. दुकानदार 'फिट टू पेज' दाबतो. नकाशा सुंदर येतो, काहीही कापले जात नाही. पण प्रत्येक लांबी ६० भागिले ६२ या पटीत आकसली. शेताची बाजू २० ऐवजी १९.३५ सेंटिमीटर झाली. कोपऱ्यात '१:५००' असे अजूनही ठळक छापलेले आहे. त्यावर विश्वास ठेवून कोणी पट्टी लावली, तर बाजू ९६.८ मीटर येईल आणि क्षेत्र ९३.७ आर. एका हेक्टरमागे ६.३ आर, म्हणजे ६३० चौरस मीटर गेले. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०१ चौरस मीटरांच्या आसपास. सहा गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन कागदावर नाहीशी झाली.

लांबीतली चूक तीन टक्के होती, क्षेत्रफळात ती सहा टक्के झाली. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून लांबीतली लहान चूक क्षेत्रफळात जवळजवळ दुप्पट होते. जमीन अर्थातच जागेवरच असते आणि हद्दीचा निर्णय सरकारी मोजणीने होतो, दुकानातल्या छपाईने नव्हे. पण अशा कागदावर पट्टी ठेवून भावाभावांनी बांधावर वाद घालणे काही अशक्य नाही.

यावरचा उपाय नकाशे करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रमाण नुसते अंकांत न लिहिता रेघेनेही दाखवायचे, 'रेखाप्रमाण' काढायचे. '० — ५० — १०० मीटर' अशी पट्टी नकाशातच छापली, की नकाशा आकसला तर तीही तितकीच आकसते आणि खोटे बोलत नाही. अंकांतले प्रमाण मात्र कागद आकसला तरी जसेच्या तसे राहते. म्हणून दुकानात सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : छपाई शंभर टक्के प्रमाणात, 'फिट' बंद.

एवढ्यानेही भागत नाही. कागद स्वतःही बदलतो. तो तंतूंचा बनलेला असतो आणि दमट हवेत तंतू फुगतात, तेही लांबीपेक्षा आडवे जास्त. पावसाळ्यात छापलेला नकाशा उन्हाळ्यात सारखा राहत नाही. जुन्या गाव नकाशांवर 'एक इंचास २० साखळ्या' असे प्रमाण आढळते. साखळी ३३ फुटांची धरली तर ते १:७,९२० होते. असा दशकानुदशके घडी घालून ठेवलेला नकाशा मोजताना आधी त्यावरची प्रमाणपट्टी मोजावी लागते. १० सेंटिमीटरची पट्टी आज ९.८ भरली, तर प्रत्येक लांबीला ०.९८ ने आणि क्षेत्रफळाला ०.९८ च्या वर्गाने भागायचे. जिथे माप महत्त्वाचे, तिथे कागदाऐवजी पॉलिएस्टरची फिल्म वापरतात, कारण ती ओलाव्याने फारशी बदलत नाही.

शिवाय यंत्राचीही खोड असते. हेड आडवे सरकते ते एका मोजपट्टीच्या आधाराने आणि कागद पुढे सरकतो तो रुळाच्या फिरण्याने. रुळाचा घेर किंचित चुकला किंवा जाड कागद थोडा घसरला, की लांबीच्या दिशेने चूक येते आणि रुंदीच्या दिशेने येत नाही. वर्तुळ मग लंबवर्तुळ होते. यंत्र जुळवून घेण्याच्या या कामाला 'फीड कॅलिब्रेशन' म्हणतात.

रेघेच्या जाडीचाही विचार करा. पाव मिलिमीटर जाडीची रेघ १:५०० च्या आराखड्यात जमिनीवरची साडेबारा सेंटिमीटर जागा झाकते. बांध दाखवायला ती ठीक आहे. तीच रेघ आपल्या १:१,००,००० च्या जिल्हा नकाशात पंचवीस मीटर झाकते. तेव्हा जिल्हा नकाशावर बांध शोधू नये, यंत्र कितीही डीपीआयचे असो.

कशावर छापावे?

याबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्यात विरघळवलेल्या शाया कागदावर उत्तम येतात, पण पावसात टिकत नाहीत. सॉल्व्हंट शाईत पाण्याऐवजी उडून जाणारे द्रावक असते. ते प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात किंचित मुरते, म्हणून शाई उन्हापावसात तग धरते. इको-सॉल्व्हंट हा त्याचाच सौम्य प्रकार. यूव्ही शाई अतिनील प्रकाशाने जागीच घट्ट होते, म्हणून लाकडावर आणि काचेवरही छापता येते. 'जीएसएम' म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. साधा आराखड्याचा कागद ८० ते ९० चा असतो.

फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टर धाग्यांच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप. माझे मत विचाराल, तर नकाशा फ्लेक्सवर छापू नये. त्याची वीण जाड असते, ताणले की ते वाढते आणि एक मीटरवरून पाहण्याच्या बारीक नावांना ते न्याय देत नाही. शिवाय ते कुजत नाही. जाळले तर पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात, म्हणून शेकोटीत कधीही टाकू नका.

आपला जिल्हा मग छापायचा कसा? ४४ इंचांच्या रोलवर दोन उभ्या पट्ट्या करून त्या जोडल्या, तर दोन मीटर रुंदी बसते. ३६ इंचांच्या रोलवर तीन पट्ट्या लागतील. जोडाच्या ठिकाणी दोनतीन सेंटिमीटर भाग दोन्ही पट्ट्यांवर यावा, त्याला 'ओव्हरलॅप' म्हणतात. एकाच कागदाचा हट्ट असेल तर प्रमाण १:२,५०,००० घ्या. दोनशे किलोमीटरचे ८० सेंटिमीटर होतात आणि ए-झिरोवर जिल्हा बसतो. गावांची नावे मात्र निवडूनच घालावी लागतील.

फाइल देण्यापूर्वी नकाशाच्या एका कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटर लांबीच्या दोन रेघा काढा, एक आडवी आणि एक उभी. छापून आल्यावर, पैसे देण्यापूर्वी, दोन्ही स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही सारख्याच लहान भरल्या तर 'फिट' दाबले गेले आहे. एकच लहान किंवा मोठी भरली तर रूळ तपासायला सांगा. दोन्ही दहा भरल्या, तर नकाशा गुंडाळून घ्या. गुंडाळताना छापलेली बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे भिंतीवर लावताना कडा भिंतीकडे वळतात आणि नकाशा सपाट बसतो.